‘स्वस्त’ वेबसाइटची किंमत नेमकी कधी मोजायची?

‘छोट्या व्यवसायासाठी स्वस्त वेबसाइट’ असं शोधून बघा. ‘सर्वोत्तम १० वेबसाइट बिल्डर’ छापाच्या याद्यांची रांग लागते. प्रत्येकीत एक तक्ता, तक्त्यात ‘दरमहा फक्त इतके रुपये’, आणि खाली ‘आत्ताच सुरू करा’ असं बटण. या याद्यांवर माझा आक्षेप साधा आहे: त्या पहिल्या महिन्याची किंमत मोजतात. धंदा करणाऱ्याला किंमत कळते ती दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी, नाहीतर सोडून जाताना.

हे असं का होतं, यावर अर्थशास्त्रात चांगलं काम झालंय. झाव्हिए गाबे आणि डेव्हिड लेबसन यांचा २००६ सालचा एक निबंध आहे, ‘झाकलेल्या’ किमतींवर. त्यातलं नेहमीचं उदाहरण प्रिंटरचं: प्रिंटर स्वस्त, शाई महाग. आपल्याला वाटतं, स्पर्धा असली की एखादी कंपनी पुढे येऊन सांगेलच की ‘बघा, त्यांची शाई महाग आहे.’ निबंध म्हणतो, नाही सांगणार. कारण असं शिकवलेलं गिऱ्हाईक शहाणं होतं आणि तो स्वस्त प्रिंटर तिथूनच घेऊन शाई दुसरीकडून आणतं. शिकवणाऱ्या कंपनीच्या पदरात काहीच पडत नाही. म्हणून सगळेच गप्प बसतात. याद्या लिहिणाऱ्यांचं तर आणखी सोपं आहे. बिल्डर आणि होस्टिंग कंपन्या गिऱ्हाईक आणून देणाऱ्याला कमिशन देतात, आणि यादीतलं ते बटण बहुतेक वेळा कमिशनचंच असतं.

पण हा निबंध वेबसाइटला लावताना एक गोष्ट कमी पडते. प्रिंटर निदान तुमच्या टेबलावर असतो, तुमचा असतो. बिल्डरवर बांधलेली साइट तुमची नसते, तुम्ही तिथे भाड्याने राहता. म्हणून त्याच्या जोडीला पॉल क्लेम्पेरर यांचं १९८७ चं काम वाचावं लागतं. ग्राहकाला दुकान बदलणं महाग पडत असेल, तर कंपन्या आधी स्वस्तात आत घेतात आणि मग भाव वाढवतात. आपल्याकडच्या होस्टिंगच्या जाहिराती बघा. ठळक अक्षरातला मासिक दर बहुधा दोन-चार वर्षांचे पैसे एकदम भरले तरच मिळतो. नूतनीकरणाचा दर खाली बारीक अक्षरात. त्यावर १८ टक्के जीएसटी, जो नोंदणी नसलेल्या छोट्या दुकानदाराला परत मिळत नाही.

आता हे सगळं पेण-रोह्याला नेऊन बघू. तिथे दोन अगदी वेगळ्या चालीचे धंदे शेजारी-शेजारी आहेत.

पेण म्हणजे गणपती. पेण शहर, हमरापूर, जोहे इथल्या कारखान्यांत मूर्तीकाम जवळजवळ वर्षभर चालतं, पण पैसा येतो तो हंगामात, आणि बराचसा माल घाऊक व्यापाऱ्यांमार्फत जातो. परदेशी जाणाऱ्या मूर्ती कित्येक महिने आधीच निघतात. अशा कारखान्याला वेबसाइट हवीच का? घाऊक गिऱ्हाईक ठरलेलं असेल तर नको, असं माझं स्पष्ट मत आहे. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये २०१९ पासून कॅटलॉग आहे. मूर्तीचा फोटो, उंची, भाव टाकला की काम भागतं. वेबसाइट लागते ती मुंबई-पुण्याच्या किंवा परदेशातल्या घरगुती गिऱ्हाइकापर्यंत थेट पोचायचं असेल तेव्हा. आणि तिथे खरी कसोटी दराची नाहीच. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची मूर्तींबद्दलची सुधारित नियमावली मे २०२० मध्ये आली. २०२५ मध्ये पीओपीच्या मूर्तींबाबत मुंबई उच्च न्यायालयाचे आदेश काही महिन्यांत बदलत गेले. अशा वर्षी ‘आमच्याकडे काय मिळतं, शाडू की पीओपी’ हे पान कारखानदाराला त्याच संध्याकाळी, हाताला माती असताना, मोबाइलवरून बदलता आलं पाहिजे. ‘वेबसाइटवाल्याला’ फोन करून तो रविवारी बघतो म्हणाला, की त्या साइटचा उपयोग संपला.

रोह्याची चाल निराळी. कोलाडला कुंडलिकेवर राफ्टिंग आहे, आजूबाजूला होमस्टे आहेत. राफ्टिंगचं पाणी भिऱ्याच्या जलविद्युत प्रकल्पातून सुटतं, त्यामुळे वेळा तशा ठरतात. इथलं गिऱ्हाईक अनोळखी असतं, मुंबईहून शोधत येतं, आणि नकाशावर जे आधी दिसेल तिथे फोन लावतं. म्हणजे इथे वेबसाइट खरोखर कामाची.

अशा लोकांसाठी एक फुकट सोय होतीही. गूगल बिझनेस प्रोफाइलमधूनच एक पानाची साइट बनायची. दोन मिनिटांत पत्ता, फोटो, फोन सगळं तयार. मार्च २०२४ मध्ये गूगलने त्या साइट बंद केल्या. १० जून २०२४ पर्यंत जुना पत्ता टाकला की प्रोफाइलवर जाता यायचं, पुढे तेही संपलं. आता विचार करा, ज्याने तो पत्ता व्हिजिटिंग कार्डवर, पाटीवर, गाडीच्या मागे रंगवून घेतला असेल त्याचं काय? साइट फुकट होती, पाटी फुकट नव्हती. दरांच्या तक्त्यात यासाठी रकानाच नसतो.

म्हणून तुम्ही निवड करत असाल तर आधी डोमेन. ते स्वतःच्या नावाने, स्वतःच्या ईमेलवर, बिल्डरपासून वेगळं घ्या. साधं .इन डोमेन वर्षाला साधारण काहीशे ते हजारभर रुपयांत येतं. बिल्डर पहिल्या वर्षी ‘डोमेन मोफत’ देतो, तो मोह टाळा. ओळखीच्या मुलाने त्याच्या खात्यातून घेतलेलं डोमेन तर त्याहून वाईट, कारण तो नोकरीला बंगळूरला गेला की पासवर्डही गेला. पाटीवर पत्ता तुमचा असेल तर मागची साइट कितीही वेळा बदला, पाटी बदलावी लागत नाही.

मग बिल्डर. विक्स दिसायला सुरेख आहे, शिकायला सोपं आहे, हे मान्यच. पण फुकट योजनेत पत्ता त्यांचा आणि जाहिरातही त्यांची. आणि तिथे बांधलेली साइट उचलून दुसऱ्या होस्टिंगवर नेता येत नाही, असं ते स्वतःच सांगतात. वर्डप्रेसमधला मजकूर बाहेर काढता येतो, मराठीतही ते मिळतं. पण स्वतः होस्ट केलंत तर अपडेट आणि सुरक्षेचं काम तुमच्या गळ्यात. एकट्याने होमस्टे चालवणाऱ्याला ऐन सीझनमध्ये ते जमणं कठीण.

माझं मत विचाराल तर चार-पाच पानांच्या होमस्टेला ब्लॉगर पुरतं. हसू नका! जुनाट दिसतं खरं, पण स्वतःचं डोमेन जोडायला ते वेगळे पैसे घेत नाही, मजकुराची बॅकअप फाइल देते, आणि ती फाइल उद्या वर्डप्रेसमध्ये घालता येते. (फोटोंच्या मूळ प्रती मात्र स्वतःकडे ठेवा.) ‘सर्वोत्तम १०’ मध्ये ते क्वचितच वर का दिसतं, हे एव्हाना तुमच्या लक्षात आलं असेल. गूगलने उद्या ब्लॉगरही बंद केलं तर? शक्य आहे. तेव्हा तुमच्याकडे डोमेन आणि फाइल असेल. बिझनेस प्रोफाइलच्या साइटवाल्यांकडे यातलं फारसं काही नव्हतं.

नूतनीकरणाबद्दल एक. रिझर्व्ह बँकेच्या १ ऑक्टोबर २०२१ पासूनच्या नियमांनुसार कार्डावरून आपोआप पैसे कापण्याआधी किमान २४ तास सूचना यावी लागते, आणि साधारणपणे १५,००० रुपयांवरच्या रकमेला दर वेळी ओटीपी लागतो. ग्राहकाच्या दृष्टीने नियम चांगलाच आहे. पण परदेशी कंपनीकडे ‘ऑटो-रिन्यू’ लावून निर्धास्त राहिलात आणि व्यवहार नाकारला गेला, तर डोमेन हातचं जाऊ शकतं. तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयवर लिहा.

आणि नाव. ‘पेण’ रोमन लिपीत लिहिलं की लेखणी होते, ‘रोहा’ कोणी ‘रोहे’ लिहितं. तेव्हा पानाच्या शीर्षकात नुसतं गावाचं नाव नको. ‘पेण गणपती मूर्ती, रायगड’ किंवा ‘कोलाड होमस्टे, रोहा’ असं पूर्ण लिहा, मराठीत आणि रोमनमध्ये, दोन्हीकडे.