प्रेक्षकाचे हसू आणि रसविघ्न : चित्रपट व मालिका पाहतानाच्या वैयक्तिक प्रतिसादाचा विचार

चित्रपटाविषयीच्या मराठी समीक्षेत प्रेक्षकाच्या वैयक्तिक प्रतिसादाला बहुधा दुय्यम स्थान मिळत आले आहे. कथा, पटकथा, छायालेखन, संकलन, अभिनय अशा क्रमाने लेखन पुढे सरकते आणि शेवटी 'प्रेक्षकाला अंतर्मुख करणारी कलाकृती' असा शेरा येतो. हा प्रेक्षक कोण, त्याला कोणत्या क्षणी हसू आले आणि कोणत्या क्षणी ते हसू त्याचे त्यालाच नकोसे झाले, हे प्रश्न सहसा विचारले जात नाहीत. साहित्याच्या वर्गात चित्रपटाची चर्चा होऊ लागल्यापासून ही उणीव अधिक जाणवते. विद्यार्थ्याने उत्तरपत्रिकेत 'हृदयस्पर्शी' असे लिहिले तर त्यास गुण मिळतात. 'डुकराच्या पाठलागात मला हसू आले' असे लिहिले तर त्याखाली लाल रेघ ओढली जाण्याचा संभव अधिक. वस्तुतः या दोन विधानांपैकी दुसरेच समीक्षेच्या अधिक जवळचे आहे. पहिल्या विधानात चित्रपटही नाही आणि प्रेक्षकही नाही.

'वैयक्तिक' या गोष्टीविषयीचा संशय नवा नव्हे. भरताच्या नाट्यशास्त्रावरील 'अभिनवभारती' या टीकेत अभिनवगुप्ताने सात रसविघ्ने सांगितली आहेत. त्यांपैकी दोन येथे महत्त्वाची आहेत. रंगमंचावरील भाव हा माझाच किंवा अमुक परक्याचाच आहे असे ठरवून प्रेक्षक विशिष्ट देशकाळात अडकून राहतो, हे एक विघ्न. दुसरे 'निजसुखादिविवशीभाव', म्हणजे घरून आणलेल्या सुखदुःखांच्या आहारी गेल्यामुळे समोरच्या वस्तूत मन न रमणे. या दुसऱ्या विघ्नावर अभिनवगुप्ताने सुचविलेला उपाय अतिशय व्यवहारी आहे. वाद्ये, गायन, सजविलेला मंडप, कलानिपुण गणिका यांच्या योगे अरसिक माणूसही काही काळ स्वतःला विसरतो आणि सहृदय होतो. आजचे अंधारे, गारेगार चित्रपटगृह हा याच उपायाचा विस्तार म्हणता येईल.

या उपपत्तीचे सौंदर्य निर्विवाद आहे. तथापि तिच्यात एक गृहीतक दडलेले आहे. आपापली जागा विसरणे सर्वांना सारखेच शक्य आहे, आणि सर्वांना सारखेच हितकर आहे, असे ती मानते. शरणकुमार लिंबाळे यांनी 'दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र' (१९९६) या ग्रंथात आनंदवादी सौंदर्यकल्पनेला जो आक्षेप घेतला, तो मुख्यतः साहित्यापुरता होता. गेल्या काही वर्षांतील मराठी चित्रपटांनी हाच प्रश्न चित्रपटगृहातील खुर्चीपर्यंत आणून ठेवला आहे.

'फँड्री' : हसणाऱ्यांची बाजू

नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' महाराष्ट्रात १४ फेब्रुवारी २०१४ रोजी प्रदर्शित झाला. कैकाडी बोलीत 'फँड्री' म्हणजे डुक्कर. कचरूच्या कुटुंबाला गावाच्या सांगण्यावरून डुकरे धरावी लागतात, आणि शालूच्या ओढीने झुरणाऱ्या जब्याला या कामात तिच्या दृष्टीस पडायचे नाही. एवढ्या कथावस्तूवर शेवटचा दीर्घ पाठलाग उभा आहे. डुक्कर हुलकावणी देते, माणसे धडपडतात, जब्या आडोसा शोधत राहतो. भोवती गावातील पोरे जमतात, शेरेबाजी करतात, टाळ्या पिटतात. हा सारा प्रसंग विनोदाच्या परिचित साधनांनी रचलेला आहे. पाठलाग, घसरणे, हाती आलेले निसटणे ही मूकपटांच्या काळापासून हसविणारी सामग्री. त्यामुळे चित्रपटगृहातही हसू येते, आणि ते येणे स्वाभाविक आहे.

याच पाठलागात शाळेतून राष्ट्रगीताचे सूर येतात. कचरूचे कुटुंब जागच्या जागी ताठ उभे राहते आणि डुक्कर मात्र चालते होते. महाराष्ट्रात २००३ पासून चित्रपटगृहांत खेळाआधी राष्ट्रगीत वाजविण्याचा प्रघात पडला. म्हणजे पडद्यावर ही माणसे उभी राहिली तेव्हा समोरचा प्रेक्षक तासाभरापूर्वी स्वतः तसाच उभा राहून नंतर आरामात बसलेला होता. दोन्ही उभे राहण्यांतील अंतर संवादातून सांगितले जात नाही. प्रेक्षकाच्या अंगाला ते आठवते. ज्याने शाळेच्या मैदानावर ताठ उभे राहून राष्ट्रगीत म्हटले आहे, त्याला हा प्रसंग एका रीतीने कळतो. ज्याला त्याच शाळेबाहेर एखादे हलके काम करताना वर्गमित्रांनी पाहिले आहे, त्याला तो निराळ्या रीतीने कळतो. दोघांनाही हसू येऊ शकते, पण ते एकच हसू नसते.

पुढे धरलेले डुक्कर वाहून नेले जाते तेव्हा मागच्या भिंतीवर डॉ. आंबेडकर, फुले दांपत्य, गाडगे महाराज यांची चित्रे दिसतात. या चौकटीची समीक्षकांनी पुष्कळ वाखाणणी केली. तिच्यातील उपरोध खरा असला तरी तो काहीसा उघड आहे, आणि प्रेक्षकाला समजल्याचे समाधान देऊन मोकळा करणारा आहे. त्या मानाने पाठलागातील हसू अधिक अडचणीचे, कारण ते प्रेक्षकाने स्वतः पुरविलेले असते. अखेरीस जब्या दगड उचलतो. शेवटचा दगड सरळ कॅमेऱ्याच्या दिशेने येतो आणि पडदा काळा होतो. दगड कोणाला लागला? पडद्यावरच्या पोरांना की खुर्चीतल्या प्रेक्षकाला? क्षणभरापूर्वी जो हसला नव्हता त्याच्यापुरता हा दगड केवळ एक प्रभावी शेवट ठरतो. जो हसला होता त्याला आपण कोणाच्या बाजूला उभे होतो याचा हिशेब द्यावा लागतो. येथे साधारणीकरण अर्ध्यावर मोडले जाते, आणि ते मोडल्याखेरीज चित्रपट पुरा होत नाही. अभिनवगुप्ताने ज्याला विघ्न म्हटले, ते या चित्रपटाचे साधन झाले आहे.

'सैराट' आणि 'कोर्ट'

'सैराट'मध्ये (२०१६) त्याच दिग्दर्शकाने उलट मार्ग स्वीकारला. पूर्वार्धात अजय-अतुल यांचे संगीत प्रेक्षकाला स्वतःचा विसर पाडते. 'झिंगाट' सुरू होताच लोक खुर्च्या सोडून पडद्यासमोर नाचले, ही त्या वर्षी महाराष्ट्रभर दिसलेली गोष्ट. काश्मिरी आचार्याने सांगितलेला उपाय यापेक्षा यशस्वी क्वचितच झाला असेल. जात, शिक्षण, वय यांची कुंपणे तेवढ्यापुरती बाजूला पडली. उत्तरार्धात हैदराबादच्या झोपडपट्टीतील संसार येतो तेव्हा तेच प्रेक्षक अस्वस्थ होतात, काहींना चित्रपट संथ वाटू लागतो. शेवटी आर्चीच्या माहेरची माणसे भेटवस्तू घेऊन येतात आणि त्यानंतर संगीत उरत नाही. शेजारणीबरोबर बाहेर गेलेले मूल परत येते, रक्तातून चालत बाहेर पडते, त्याची पावले उमटत जातात.

या शेवटावर एक आक्षेप असा की तो प्रेक्षकाला धक्का देण्यासाठी योजलेला आहे. आक्षेप पूर्णपणे निराधार नाही. पाहुण्यांच्या आगमनातच पुढचे सूचन आहे आणि दिग्दर्शक ते जाणूनबुजून लांबवितो. परंतु धक्क्याचे बळ त्या प्रसंगात जितके आहे, त्याहून अधिक पूर्वार्धातल्या नाचात आहे. जे प्रेम जुळावे म्हणून सर्वांनी ठेका धरला, त्याच प्रेमाचा शेवट घराघरांत कसा ठरविला जातो, हे नाचणाऱ्यांपैकी अनेकांना ठाऊक होते. एकाच माणसाने तीन तासांत दिलेले हे दोन प्रतिसाद एकमेकांशेजारी ठेवले तरच चित्रपट काय करतो ते दिसते. बाहेर पडताना दिलेला 'आवडला' किंवा 'आवडला नाही' हा शेरा त्या कामी निरुपयोगी आहे.

चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'ने तर प्रेक्षकालाच पडद्यावर बसविले. लोकशाहीर नारायण कांबळे यांच्यावर, त्यांच्या गाण्यामुळे एका सफाई कामगाराने आत्महत्या केली, असा आरोप ठेवणारी सरकारी वकील सुटीच्या दिवशी कुटुंबासह मराठी नाटकाला जाते. नाटकात परप्रांतीयांवर तोंडसुख घेतले जाते आणि प्रेक्षागृह टाळ्यांनी दणाणते. ही वकील दुष्ट नाही. घरी स्वयंपाक करणारी, मुलांकडे पाहणारी साधी बाई आहे. तिचे हसू ओळखीचे आहे, म्हणूनच ते पाहणे कठीण. कॅमेरा हलत नाही, जवळ जात नाही, कोणाचा निषेध करीत नाही. एका गाण्यावर खटला आणि एका नाटकाला टाळ्या, एवढेच शेजारी ठेवले जाते. अनेकांना 'कोर्ट' कंटाळवाणा वाटला. हा कंटाळाही प्रामाणिकपणे नोंदवावा, कारण तारखेमागून तारीख पाहताना येणारा कंटाळा हा त्या चित्रपटाचा विषयच आहे. न्यायालय रिकामे होते, दिवे मालवतात, काळोख होतो. उठण्याच्या बेतात असलेल्या प्रेक्षकाला पुन्हा बसावे लागते, आणि मग दिसते न्यायाधीशांची सहल.

मालिका : घरातले विघ्न

दूरचित्रवाणीचा प्रश्न निराळा. रेमंड विल्यम्स यांनी १९७४ च्या आपल्या ग्रंथात दूरचित्रवाणीचा अनुभव सुट्या कार्यक्रमांचा नसून अखंड प्रवाहाचा असतो असे मांडले. या प्रवाहात अंधारा मंडप नाही, आणि घरची सुखदुःखे दाराबाहेर ठेवण्याची सोयही नाही. 'रामायण' (१९८७-८८) पाहण्यापूर्वी स्नान करणारे, संचाला हार घालणारे प्रेक्षक घरालाच काही काळ मंडप करीत होते. २०२० च्या टाळेबंदीत तीच मालिका पुन्हा दाखविली गेली तेव्हा अनेकांनी ती बालपणीच्या रविवारची आठवण म्हणून पाहिली. चित्रण तेच, प्रतिसाद मात्र भक्तीकडून स्मरणरंजनाकडे सरकलेला.

१९९९ मध्ये अल्फा मराठीवर सुरू झालेल्या 'आभाळमाया'सारख्या मालिकेला असा मंडपही लागत नव्हता. नोकरी करणारी, शिकविणारी, नवऱ्याच्या वागण्याने दुखावलेली सुधा जोशी स्वयंपाकघर आणि बैठकीची खोली यांच्या मधून, भाजी निवडता निवडता पाहिली गेली. निजसुखदुःख येथे विघ्न नसून इंधन आहे. मालिका थांबते तेथे प्रेक्षक आपल्या घरातले उदाहरण घालतो आणि दुसऱ्या दिवशी कार्यालयात त्याची चर्चा करतो. या प्रतिसादाला उथळ म्हणणे सोपे आहे. मात्र सुधाने काय करावे याविषयी बोलताना स्वतःविषयी न बोलता पुष्कळ काही बोलता येते, हे ज्या स्त्रियांना उमगले त्यांना त्या चर्चेचे मोल ठाऊक होते. त्यानंतरच्या अनेक मालिकांनी हे इंधन सणसमारंभ आणि कटकारस्थानांत जाळले, हा भाग वेगळा.

आणि 'सैराट'ही पुढे दूरचित्रवाणीवर आला. जाहिरातींनी तुकडे झालेला, दिवे लावलेल्या खोलीत, आजीपासून नातवापर्यंत सर्वांसमवेत पाहिला गेलेला. 'झिंगाट'ला घरातली मुले नाचतात. शेवटी संगीत थांबते तेव्हा खोलीत शांतता पसरत नाही. पंख्याचा आवाज असतो, आतून कुकरची शिट्टी येते, आणि घरातले थोरले कोणीतरी रिमोटकडे हात नेते.