शुद्ध फलन व मूल्याने दिलेली संरचना

ज्या फलनाचे फल केवळ त्यास दिलेल्या प्राचलांवर अवलंबून असते व ज्याच्या कार्याने बाह्य स्थितीत काहीही बदल होत नाही, त्यास संगणकशास्त्रात शुद्ध फलन म्हणतात. अशा फलनास तीच प्राचले देऊन पुन्हा बोलावले, तर संकलक म्हणजे कंपायलर ते दुसरे आवाहन गाळू शकतो किंवा ते लूपच्या बाहेर नेऊ शकतो.

फोर्ट्रान ९५ मध्ये शुद्धता भाषेतच अंतर्भूत आहे. सी भाषेत मात्र ती दीर्घकाळ संकलकांवर सोपविलेली होती. जीसीसीने ‘कॉन्स्ट’ व ‘प्युअर’ ही विशेषणे पुरविली. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सी२३ मानकात ‘अनसीक्वेन्स्ड’ व ‘रिप्रोड्यूसिबल’ ही विशेषणे आली. ही ग्वाही प्रोग्रामर देतो. ती खोटी असल्यास उत्तर चुकते.

संरचना मूल्याने दिल्यास फलनास तिची स्वतंत्र प्रत मिळते. म्हणून तत्त्वतः शुद्धतेस बाध येत नाही. व्यवहारात मात्र अडचण उद्‌भवते. लिनक्सवर रूढ असलेल्या एक्स८६-६४ संकेतानुसार दोन दुहेरी अचूकतेच्या संख्यांची १६ बाइटांची संरचना रजिस्टरांतून जाते. तीन संख्यांची २४ बाइटांची संरचना स्टॅकवरील स्मृतीतून जाते. क्लँगमध्ये हे रूपांतर सुधारणेच्या टप्प्यांपूर्वीच होते. त्यामुळे ‘स्मृतीस स्पर्श नाही’ ही खूण पूर्वीच्या आवृत्त्यांत काढून टाकली जाई; नंतरच्या आवृत्त्यांत ‘प्राचलांच्या स्मृतीस स्पर्श संभवतो’ अशी दुबळी खूण राहते. परिणामी द्विमितीय सदिशाची लांबी काढणाऱ्या फलनाचे पुनरावृत्त आवाहन गाळता येते, त्रिमितीय सदिशाचे तसेच राहते.

प्रत टाळण्यासाठी संरचनेऐवजी तिचा दर्शक देण्याचा उपाय सुचविला जातो; पण तो मूळ रोगाहून वाईट होय. दर्शकाने दाखविलेला मजकूर दोन आवाहनांच्या दरम्यान बदलू शकत असल्याने अशा फलनास ‘कॉन्स्ट’ म्हणणे जीसीसीच्या नियमानुसार अयोग्य ठरते. फलनाचा मजकूर संकलकास दृश्य ठेवणे हा अधिक विश्वसनीय मार्ग आहे. आवाहनाच्या जागी तो मजकूर बसविला, की संरचनेचे घटक सुटे होतात व प्रतही नाहीशी होते. स्वतंत्रपणे संकलित केलेल्या ग्रंथालयांत मात्र हा मार्ग बंद असतो.

तात्पर्य, येथील दोष मूल्याने देण्याच्या पद्धतीचा नाही. प्राचले कोठून न्यावीत हा यंत्राचा तपशील, फलनाचा अर्थ काय या प्रश्नाच्या आधी निकालात काढला जातो, हे त्याचे मूळ आहे. प्रोग्रामरने दिलेली सत्य ग्वाही केवळ ८ बाइटांच्या फरकाने निष्फळ ठरावी, हे संकलकरचनेतील उणेपणच मानले पाहिजे.