प्रश्न कोणी मांडावा? : गणितीय समस्या-निराकरणाच्या आंतरक्रियात्मक साधनांची चिकित्सा

प्रस्तावना

माध्यमिक स्तरावरील गणिताविषयी एक तक्रार सर्वत्र ऐकू येते. समीकरण समोर मांडून दिले की विद्यार्थी ते बिनचूक सोडवितात. तेच समीकरण शाब्दिक उदाहरणात आले की ‘यात गुणायचे की भागायचे?’ असे शिक्षकांनाच विचारतात. यावर दोन उपाय वारंवार सुचविले जातात : प्रत्यक्ष जीवनातील प्रसंगांचा आधार आणि आंतरक्रियात्मक सॉफ्टवेअरचा वापर. या दोहोंना एकत्र आणणारा एक विचारपूर्वक प्रयत्न म्हणजे अमेरिकेतील ‘जास्पर वुडबरी’ मालिका. प्रस्तुत लेखात या मालिकेचे गुणदोष तपासून अशा साधनांच्या मूल्यमापनासाठी एक निकष सुचविला आहे.

मालिकेचे स्वरूप

टेनेसी राज्यातील व्हँडरबिल्ट विद्यापीठात जॉन ब्रॅन्सफर्ड व त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासगटाने १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून ही मालिका विकसित केली. पाचवी व त्यापुढील वर्गांसाठी असलेल्या या मालिकेत व्हिडिओडिस्कवरील १२ साहसकथा होत्या. प्रवासाचे नियोजन, संख्याशास्त्र व व्यवसाय-नियोजन, भूमिती आणि बीजगणित या चार विषयांवर प्रत्येकी तीन कथा अशी त्यांची विभागणी होती. प्रत्येक कथा साधारणतः १७ मिनिटांची असून ती एका आव्हानाशी येऊन थांबते. उत्तर शोधण्याचे काम वर्गाकडे येते.

एका कथेत दुर्गम कुरणात एक जखमी गरुड सापडतो. तेथपर्यंत रस्ता नाही. एमिली ही तरुणी नुकतीच अतिहलके विमान चालविण्यास शिकली आहे. गरुडाला पशुवैद्यापर्यंत लवकरात लवकर कसे आणावे व त्यास किती वेळ लागेल, हा प्रश्न आहे. विमानाचा वेग, इंधनाची क्षमता, ते पेलू शकेल असे वजन, ठिकाणांमधील अंतरे ही माहिती पात्रांच्या संभाषणांत व नकाशांत विखुरलेली असते. वैमानिक कोण असावा हेदेखील ठरवावे लागते, कारण त्याच्या वजनावर उरलेला भार अवलंबून असतो. व्हिडिओडिस्कमुळे हवे ते दृश्य क्षणार्धात पुन्हा पाहता येत असे. तिची आंतरक्रियात्मकता मुख्यतः एवढीच होती.

गुणांची चर्चा

या मालिकेचे खरे वैशिष्ट्य तंत्रज्ञानात नाही, ते प्रश्नाच्या मांडणीत आहे. जॉर्ज पोल्या यांनी १९४५ साली समस्या-निराकरणाच्या चार पायऱ्या सांगितल्या, त्यांपैकी पहिली समस्या समजून घेण्याची. पाठ्यपुस्तकातील उदाहरणात ही पायरी बहुधा लेखकच चढून गेलेला असतो : आवश्यक तेवढ्याच संख्या, त्याही योग्य क्रमाने, दिलेल्या असतात. येथे मात्र मोठ्या प्रश्नाचे लहान प्रश्नांत विभाजन करणे, कोणती माहिती लागेल हे ओळखणे आणि पर्यायी मार्गांची तुलना करणे ही कामे विद्यार्थ्यांची ठरतात. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या मूल्यमापनात मूलभूत संकल्पनांच्या बाबतीत हे विद्यार्थी मागे पडले नाहीत आणि नियोजनात ते सरस ठरले, असे नमूद आहे. अर्थात हे मूल्यमापन मालिकेच्या निर्मात्यांनीच केले होते, हेही ध्यानात ठेवणे इष्ट.

प्रसंग एकाच कथेत अडकून पडू नये याचीही काळजी निर्मात्यांनी घेतली. वारा उलट दिशेने वाहू लागला तर काय, इंधनाची टाकी लहान असती तर काय, असे पूरक प्रश्न त्यांनी जोडले. संदर्भाशी बांधलेले ज्ञान संदर्भाबाहेर नेण्याची ही तरतूद महत्त्वाची होय.

मर्यादा

तथापि, मालिकेची एक मूलभूत मर्यादा तिच्या रचनेतच आहे. उत्तरासाठी लागणारी सारी माहिती कथेत कोठेतरी असतेच, हे विद्यार्थी लवकरच ओळखतात. मग ‘हे कसे कळेल?’ या प्रश्नाची जागा ‘हे कोणत्या दृश्यात आहे?’ हा प्रश्न घेतो. जीवनात माहिती अपुरी असते, कधी परस्परविरोधी असते आणि पुष्कळदा अंदाजावर भागवावे लागते. या अनुभवाला कथेत स्थान नाही.

प्रत्यक्ष व्यवहार आणि व्यवहाराचे चित्रण यांतील अंतर १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या ब्राझीलमधील अभ्यासातून दिसते. टेरेझिन्हा कॅराहर, डेव्हिड कॅराहर व आनालुसिया श्लीमन यांनी रेसिफे शहरात रस्त्यावर विक्री करणाऱ्या ९ ते १५ वर्षे वयाच्या ५ मुलांचा अभ्यास केला. विक्रीच्या ओघात विचारलेल्या हिशेबांत ९८.२ टक्के उत्तरे बरोबर आली. शाब्दिक उदाहरणांत ७३.७ टक्के आणि नुसत्या आकडेमोडीत ३६.८ टक्के. मुलांची संख्या अल्प असली, तरी निष्कर्ष विचारात घेण्याजोगा आहे. संदर्भाने मदत होते, परंतु कागदावरचा बाजार हा बाजार नव्हे.

आपल्याकडील स्थिती

महाराष्ट्रात २०१८ साली आलेल्या इयत्ता दहावीच्या गणित भाग १ मध्ये ‘अर्थनियोजन’ या प्रकरणात वस्तू व सेवा कर, शेअर व म्युच्युअल फंड यांचा समावेश झाला. विषय जीवनाशी जवळचा आहे, हे स्वागतार्हच. परंतु दर, रक्कम व विचारायचे ते सारे उदाहरणातच दिलेले असेल, तर संदर्भ बदलूनही विद्यार्थ्याचे काम बदलत नाही. सॉफ्टवेअरबाबतही हेच घडते. जिओजेब्रामध्ये शिक्षकाने आधीच तयार केलेल्या आकृतीची सरकपट्टी विद्यार्थी सरकवितो आणि कोनांची बेरीज १८० अंशच राहते असे पाहतो. त्याच विद्यार्थ्यास कोरे पान दिले, तर काय काढावे, काय स्थिर ठेवावे व काय बदलावे हे त्याला ठरवावे लागते. साधन तेच, परंतु बौद्धिक श्रम वेगळे.

टंचाईच्या काळात एखाद्या गावाला दररोज टँकरच्या किती खेपा लागतील, हा प्रश्न नववीच्या वर्गाला दिला असे समजू. माणसी किती पाणी धरावे? जनावरे मोजावीत काय? विहीर दूर असल्यास एका टँकरच्या किती खेपा होतील? येथे माहिती मुलांना ग्रामपंचायतीत, टँकरचालकाकडे व घरोघर विचारून मिळवावी लागेल. गणनपत्रकातील स्तंभ त्यांनीच ठरविले, तरच संगणक त्यांच्या विचाराचे साधन होईल. अन्यथा तो केवळ वेगवान उत्तरतालिका ठरेल.

समारोप

व्हिडिओडिस्कचे तंत्रज्ञान आज मागे पडले आहे, परंतु जास्पर मालिकेने उपस्थित केलेला मुद्दा कायम आहे. कोणतेही आंतरक्रियात्मक साधन वर्गात आणताना, प्रश्न मांडण्याच्या कामापैकी किती काम विद्यार्थ्यासाठी शिल्लक राहिले आहे, हा पहिला निकष असावा. अशा अध्यापनास वेळ अधिक लागतो, एकाच प्रश्नाची अनेक समर्थनीय उत्तरे येतात आणि प्रचलित गुणदान-पद्धतीत ती बसत नाहीत. शिक्षक-प्रशिक्षण व परीक्षा या दोहोंत त्यासाठी जागा झाल्याखेरीज केवळ संगणक-कक्ष उभारून समस्या-निराकरणाची क्षमता वाढणार नाही.