फाशाला वेसण

‘नो मॅन्स स्काय’ हा खेळ ऑगस्ट २०१६ मध्ये आला तो एका आकड्यावर स्वार होऊन. दोनाचा चौसष्टावा घात, म्हणजे अठरावर अठरा शून्यं मांडूनही वर थोडे उरतील इतके ग्रह, आणि त्यातला एकही कुणी हाताने घडवलेला नाही. इंग्लंडातल्या गिल्डफर्डच्या ‘हॅलो गेम्स’ या लहानशा चमूने नियम लिहिले आणि ग्रह त्या नियमांतून उपजले. खेळाडू उतरले, पाच-पंचवीस ग्रह हिंडले आणि बरेचसे कंटाळले. झाडांचे रंग निराळे, प्राण्यांचे पाय कमी-जास्त, पण पंचविसाव्या ग्रहावर करायचं तेच जे पहिल्यावर केलं. त्याच वर्षी केट कॉम्प्टन या अमेरिकी संशोधिकेने या दुखण्याला नाव दिलं: ओटमीलचे दहा हजार वाडगे. प्रत्येक वाडग्यातला दाणा न् दाणा वेगळ्या जागी, गणिताने पाहिलं तर एकाची दुसऱ्याशी गाठ नाही, आणि खाणाऱ्याला मात्र सगळी एकच लापशी. पुढे अनेक वर्षं फुकट सुधारणा देत हॅलो गेम्सने खेळ सावरला, हे सांगितलंच पाहिजे. पण सावरला तो ग्रह वाढवून नव्हे, त्यांच्यावर करण्याजोगं काही घालून. तरीही नियमांतून लेव्हल उपजवणाऱ्या इंडी खेळांची चर्चा अजून त्या आकड्याभोवतीच फिरते. दर वेळी नवी लेव्हल, कधीही न संपणारा खेळ, वगैरे. माझं म्हणणं असं की ही कला यंत्र किती बनवू शकतं यावरून जोखूच नये. त्याला काय बनवायची मनाई आहे, यावरून जोखावी.

जन्म तर या कलेचा टंचाईतला. १९८० च्या सुमारास कॅलिफोर्नियात मायकेल टॉय आणि ग्लेन विचमन या विद्यार्थ्यांनी ‘रोग’ लिहिला. पडद्यावर चित्रं नाहीत, नुसती अक्षरं आणि चिन्हं. तीन बाय तीनच्या चौकटीत खोल्या, त्यांना जोडणारे बोळ, आणि सव्विसाव्या मजल्यावर येंडोरचा ताईत. लिहिणाऱ्यालाही आपल्याच खेळाने चकवावं, एवढी साधी हौस त्यामागे होती. १९८४ मध्ये ब्रिटनमधल्या डेव्हिड ब्रेबन आणि इयन बेल यांनी ‘एलिट’मध्ये आठ आकाशगंगा, प्रत्येकीत २५६ ग्रह, असा पसारा बीबीसी मायक्रो या संगणकाच्या ३२ केबीत बसवला: साठवायला जागा नाही, तर लागेल तेव्हा सूत्रातून काढा. सूत्रातून आकाशगंगा याहून कितीतरी जास्त निघू शकत होत्या. प्रकाशक एकॉर्नसॉफ्टने त्यांना आठावर थांबवलं, कारण संख्या वाढली की त्यामागचं सूत्र उघडं पडलं असतं. एका आकाशगंगेतल्या एका ग्रहाचं नाव असभ्य निघालं म्हणून ती अख्खी टाकून दिली, असंही सांगतात. अनंताला कात्री लावायची अक्कल या कलेला पहिल्याच दशकात आली होती; जाहिरातदारांना ती नंतर गैरसोयीची वाटली एवढंच.

आज ही कला वाशीमसारख्या जिल्ह्यात पोहोचते ती मोबाइलमधून. कारंजा असो, मानोरा असो की रिसोड, फोनवर खेळ म्हटलं की आधी फ्री फायर, बीजीएमआय आणि लूडो आठवणार. पण त्याच साध्या फोनवर ‘शॅटर्ड पिक्सेल डंजन’ हा खेळ फुकट, अगदी थोड्या जागेत आणि इंटरनेट नसताना चालतो. टंचाईतून निघालेलं तंत्र टंचाईतच उपयोगी पडतं, त्याचं हे चांगलं उदाहरण. वाटाबू या नावाने लिहिणाऱ्या प्रोग्रामरने २०१२ मध्ये मूळ ‘पिक्सेल डंजन’ काढला, नंतर त्याचा कोड खुला केला, आणि २०१४ पासून एव्हन डेबनम यांनी त्याची ही आवृत्ती वाढवत नेली. इथेही ताईत येंडोरचाच आणि मजला सव्विसावाच. प्रत्येक डावात मजले नव्याने मांडले जातात, एकदा मेलात की पहिल्यापासून. वरवर पाहता सगळा फाशाचा कारभार. पण आत डोकावलं की दिसतं, फाशाला जागोजागी वेसण आहे. दर पाच मजल्यांच्या टापूत हत्यार सुधारण्याच्या तीन पोथ्या आणि ताकद वाढवण्याची दोन औषधं मिळणारच. कुठल्या मजल्यावर, कुठल्या कोपऱ्यात, ते फासा ठरवील, पण मिळतील की नाही हे त्याच्या हाती नाही. वाटेत लाकडांनी बंद केलेली खोली लागली, तर ती लाकडं जाळण्याचं औषध त्याच मजल्यावर कुठेतरी ठेवलेलं असतं. सरावलेला खेळाडू त्यामुळे उलटा तर्क करू लागतो: बंद खोली दिसली, म्हणजे हातातल्या अनोळखी बाटल्यांपैकी एक बहुधा आगीची. नशिबाची गोष्ट इथे अनुमानाची होते, आणि माझ्या मते या खेळाचं सगळं सौंदर्य या एका वळणात आहे. हाताने आखलेली लेव्हल पाठ होते. ती खेळाडूला जागा शिकवते. उपजलेली लेव्हल पाठ करता येत नाही, म्हणून ती नियम शिकवते. आता त्या हमीचं कलम काढून टाका. लेव्हलची विविधता तसूभरही कमी होणार नाही, उलट गणिताने वाढेल, आणि खेळ मात्र मटक्याच्या आकड्याइतका निर्बुद्ध होईल.

डेरेक यू यांच्या ‘स्पेलंकी’ने, २००८ च्या फुकट आवृत्तीपासूनच, हीच गोष्ट अधिक ठसठशीतपणे दाखवली. प्रत्येक लेव्हल चार बाय चार अशा सोळा खोल्यांची. आधी वरच्या दारापासून खालच्या दारापर्यंत एक वाट आखली जाते, ती दोरी किंवा बॉम्ब न वापरता पार करता येईल अशी, आणि मग उरलेल्या खोल्या भरल्या जातात. खोल्यांचे साचे यू यांनी स्वतः हाताने काढलेले. यंत्र त्यातल्या काही विटा हलवतं, सापळे बदलतं. वाट आहेच, हे खेळाडूला ठाऊक असतं, म्हणून मरण आलं की तो यंत्राला शिव्या देत नाही, आपल्या घाईला देतो.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की हे शेवटी कष्ट वाचवण्याचं तंत्र आहे. दोघा-तिघांच्या चमूला शंभर लेव्हल आखणं परवडत नाही, म्हणून ते यंत्राला जुंपतात. हिशेब पाहिला तर हे टिकत नाही. ‘ड्वार्फ फोर्ट्रेस’वर टार्न आणि झॅक अ‍ॅडम्स हे दोघे भाऊ २००२ पासून राबत आहेत. ‘केव्ज ऑफ कुड’ २००७ मध्ये सुरू झाला आणि त्याची १.० आवृत्ती डिसेंबर २०२४ मध्ये निघाली. एप्रिल २०२५ मध्ये आलेल्या ‘ब्लू प्रिन्स’ने टोंडा रॉस यांची आठ वर्षं घेतली. कष्ट वाचत नाहीत, त्यांची जागा बदलते: भिंत बांधण्याऐवजी हजार भिंती वाईट का होतील, याचा आगाऊ विचार करावा लागतो, आणि तो बहुधा भिंतीहून महाग पडतो. कष्ट वाचवण्यासाठीच जे या वाटेला लागतात त्यांच्या खेळांची लापशी होते.

पण सध्याची खरी अडचण वेगळी आहे, आणि ती यशातून आली आहे. ‘हेडीज’ने २०२० मध्ये हाताने रचलेल्या खोल्या नव्या क्रमाने लावून दाखवल्या आणि मरण्यालाच कथेचा भाग केलं, त्याच्या थोडं आधी ‘डेड सेल्स’ने असाच मध्यममार्ग काढला होता. दोन्ही देखणे, दोन्ही खपले. त्याच काळात ‘स्ले द स्पायर’ने प्रत्येक लढाईनंतर तीन पत्ते समोर ठेवून एक निवडायला लावला, आणि तीनांतून एक निवडण्याची ही रीत ‘हेडीज’पासून ‘व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्स’पर्यंत थोड्याफार फरकाने सगळीकडे पसरली. परिणाम असा की फासा आता जमीन घडवतच नाही, तो यादी घडवतो. खोली म्हणजे एक रिंगण, शत्रू मारायचे, दार उघडायचं, यादीतून वर उचलायचा. चुकण्याची, मागे फिरण्याची, ही वाट मघाचीच का असा संशय येण्याची सोयच नाही. या प्रकारचे खेळ आज ढिगाने निघतात आणि त्यातले पुष्कळ चांगलेही आहेत, पण लेव्हलची कला म्हणून पाहिलं तर ही माघार आहे. उलट दिशेचे प्रयत्न थोडे. योरिस डॉर्मन्स यांच्या ‘अनएक्स्प्लोर्ड’ने २०१७ मध्ये फांद्यांऐवजी वळशांपासून सुरुवात केली: आधी एक वर्तुळ, त्यावर आरंभ आणि शेवट हे दोन बिंदू, मग एका बाजूला जवळची पण घातकी वाट आणि दुसऱ्या बाजूला लांबची सुखाची. नकाशा माणसाने विचार करून आखल्यासारखा वाटतो, कारण विचार खरोखरच नियमात आहे. ‘ब्लू प्रिन्स’ने तर तीनांतून एकची रीतच उचलून तिची पुन्हा जमीन केली: दार उघडताना तीन खोल्यांतली एक निवडायची आणि ती पाच बाय नऊच्या वाड्यात कायमची, निदान त्या दिवसापुरती, बसवायची.

आपल्याकडे काय? पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ २०२० मध्ये आला. पहाडी चित्रांचा रंग, राजस्थानी किल्ल्यांचा बाज, छायाबाहुल्यांतून सांगितलेल्या कथा. सगळं हाताने घडवलेलं आणि काही तासांत संपणारं. ‘राजी’ने ही वाट निवडली यात गैर काहीच नाही, त्यातल्या चौथऱ्यावर जाळीतून पडणारा उजेड कुणीतरी नजरेने जुळवलेला आहे आणि ते जाणवतं. हैदराबादच्या ओग्रे हेड स्टुडिओने २०१७ मध्ये ‘असुरा’ काढला तो दुसऱ्या वाटेने: दर डावात बदलणाऱ्या लेव्हल आणि बदलणारी कौशल्यंही. पण तिथे पुराण आहे ते पात्रांच्या अंगावर. नियम ‘रोग’च्या पठडीतल्या परदेशी खेळांचेच. असुर काढून तिथे ग्रीक राक्षस ठेवला तर नकाशात एक वीटही हलणार नाही. म्हणजे एकीकडे आपली सामग्री आहे आणि नियम नाही, दुसरीकडे नियम आहे आणि सामग्री वरवरची. या सामग्रीत स्वतःचेच नियम आहेत, हे अजून कुणी फारसं मनावर घेतलेलं नाही.

आहेत ते कसे, हे पाहायला रिसोडहून पश्चिमेला लोणारपर्यंत जावं. दैत्यसूदन मंदिराचा तारकाकृती तळ, म्हणजे एक चौरस मध्यबिंदूभोवती फिरवत नेल्याने उमटणारे कोन. अंबरनाथ आणि सिन्नरला दिसणाऱ्या भूमिज शैलीत शिखराच्या चार कण्यांमध्ये छोट्या शिखरांच्या माळा, आणि त्या किती थरांच्या, किती ओळींच्या, यावरून शिखराचा प्रकार ठरतो. अकराव्या शतकातल्या समरांगणसूत्रधारात चौरस, वर्तुळ आणि अष्टशाल असे तळाचे भेद मांडलेले आहेत. याला नियमावलीशिवाय दुसरं काय म्हणावं? दक्षिणेतल्या कोलम रांगोळीचं व्याकरण तर मद्रास ख्रिश्चन कॉलेजच्या गिफ्ट सिरोमनी यांनी सहकाऱ्यांसह १९७४ मध्येच संगणकशास्त्राच्या भाषेत मांडलं होतं. यावर कुणी म्हणेल की मंदिर एकदाच बांधलं जातं, दर दर्शनाला बदलत नाही, तेव्हा ही तुलना ओढूनताणून आहे. बदलत नाही हे खरंच. पण एक पाहिलेला माणूस दुसऱ्यात शिरताना गाभारा कुठे असेल हे जाणतो, आणि मधल्या कोनांनी चकतोही. ‘स्पेलंकी’च्या खेळाडूची अवस्था याहून निराळी नसते.

गोष्टींच्या बाबतीत तर वाशीमचंच उदाहरण पुरेसं आहे. ‘केव्ज ऑफ कुड’मध्ये प्राचीन सुलतानांची चरित्रं प्रत्येक डावात नवी उपजतात, आणि जेसन ग्रिनब्लॅट व ब्रायन बकलू या कर्त्यांची युक्ती अशी, की घटना आधी ठरतात आणि कारणं मागाहून जोडली जातात. स्थळमाहात्म्यं याच रीतीने घडतात. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म, म्हणजे आजचं वाशीम. वत्सगुल्ममाहात्म्य सांगतं की वत्स ऋषीने इथे तप केलं आणि देवांचा समुदाय इथे उतरला. कामसूत्राच्या जयमंगला टीकेला ते मान्य नाही, तिच्या मते वत्स आणि गुल्म हे दक्षिणेतले दोघे राजपुत्र. गाव एक, कारणं दोन, दोन्ही मागाहून आलेली. तप, प्रकट झालेला देव, उमटलेलं तीर्थ, त्या स्नानाचं फळ, हे साचे कुठल्याही माहात्म्यात सापडतील. पण प्रत्येक तीर्थाला एक अट असते, ते यात्रेकरूला चालत जाऊन गाठता आलं पाहिजे. पद्मतीर्थाचं पाणी आजही वाशीमला आहे. कल्पनेला ही जी जमिनीची वेसण आहे, तिच्यात एका खेळाचं पुरेसं भांडवल आहे: तीर्थं उपजवा, कथा उपजवा, पण एका दिवसाच्या पायवाटेत न बसणारं काही उपजू देऊ नका.

आता शेवटचा आणि सध्या सगळ्यात मोठ्याने मांडला जाणारा आक्षेप: भाषा आणि चित्रं शिकलेली नवी यंत्रं हे सगळं वाक्य सांगताक्षणी करून देतील, मग नियम लिहीत बसायचं कशाला? ती यंत्रं माहात्म्याचा परिच्छेद लिहितील, देवळाचं चित्र काढतील, आणि ते वरवर नेटकं असेल. पण ‘शॅटर्ड पिक्सेल डंजन’चा कोड उघडला तर बंद खोलीचं औषध त्याच मजल्यावर ठेवणारी ओळ बोट ठेवून दाखवता येते, खेळाडूचा तर्क त्या ओळीच्या भरवशावर चालतो. शिकवलेल्या यंत्रात अशी ओळ नाही, तिथे फक्त बहुतेक वेळा तसं घडण्याची शक्यता आहे, आणि तीनशे डाव खेळलेल्या माणसाला ‘बहुतेक’वर अनुमान बांधता येत नाही. त्या यंत्राला वर्णनाचं काम द्यावं, तीर्थ कुठे असेल आणि तिथवर वाट असेल की नाही हे त्याला विचारू नये.