हिंजवडी ते वेरूळ : एका आराखड्याचं रसग्रहण

रसग्रहण कवितेचं होतं, बंदिशीचं होतं, एखाद्या देवळाच्या शिल्पपटाचंही होतं. इथे ते एका प्रवासाच्या आराखड्याचं करायचं आहे. पाच दिवसांचा हा आराखडा हिंजवडीतून निघतो आणि वेरूळला संपतो. शनिवारी मावळातली बेडसे, भाजे आणि कार्ले, रविवारी नाणेघाट आणि जुन्नर, सोमवारी पैठण, मंगळवारी अजिंठा, बुधवारी वेरूळ. लिहायला तीन ओळी पुरतात. पण यातलं एक ठिकाण उचलून दुसरीकडे ठेवलं, तर सगळ्या प्रवासाचा रस उतरतो. असं का होतं, ते पाहण्यासारखं आहे.

हिंजवडीत राजीव गांधी इन्फोटेक पार्कमुळे देशभरातली माणसं येऊन राहिली आहेत. बंगाल, ओडिशा, तेलंगणा, उत्तर प्रदेश इथून आलेल्या या मंडळींना महाराष्ट्र पाहायचा असतो, मनापासून पाहायचा असतो. त्यांचे बेत मी आवडीनं ऐकत आलो आहे. बहुतेक बेत सारखेच असतात. एका जोडसुट्टीत रात्रीच्या बसनं छत्रपती संभाजीनगर गाठायचं, अजिंठा-वेरूळ उरकायचं, येताना शिर्डी करायची. कार्ले-भाजे मग केव्हातरी, लोणावळ्याच्या पावसाळी सहलीला जोडून. अंतर, हॉटेल आणि सुट्टी या तिन्हींचा हिशेब त्यात चोख असतो. डोळ्यांचा हिशेब मात्र राहून जातो. वेरूळचं कैलास पाहून आलेल्या माणसाला भाज्याचं चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेलं प्रार्थनेचं दालन, ओकंबोकं वाटतं, आणि त्यात त्याचा काही दोष नाही. ज्या क्रमानं त्यानं पाहिलं, त्या क्रमानं भाज्याला बोलायला जागाच ठेवली नव्हती.

आपल्या आराखड्याची पहिली खुबी वारांमध्ये आहे. अजिंठा सोमवारी बंद असतं, वेरूळ मंगळवारी. नोकरदार माणूस निघणार शनिवारी. या तीन गोष्टी जुळवल्या की शनिवार-रविवार जवळच्या लेण्यांना, सोमवार वाटेला, मंगळवार अजिंठ्याला आणि बुधवार वेरूळला हा क्रम आपसूक पडतो. आणि लेण्यांच्या काळाचा क्रमही साधारण तोच निघतो. अडचणीतून रचना निघावी आणि ती देखणी असावी, हे वृत्तबद्ध कवितेत घडतं तसंच इथे घडलं आहे.

आता शनिवार. वयानं भाजे सगळ्यांत थोरलं, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातलं. मग सुरुवात बेडशापासून का? कारण बेडसे पूर्वाभिमुख आहे. भाजे आणि कार्ले पश्चिमेकडे तोंड करून बसली आहेत. बेडशाला सकाळच्या उन्हातच गेलं पाहिजे. हिंजवडीतून सहाच्या आत निघावं, म्हणजे इथली वाहनांची गर्दी जागी व्हायच्या आधी आपण जुन्या मुंबई-पुणे रस्त्याला लागतो. कामशेतला पवनानगरच्या दिशेला वळायचं, बेडसे गावापाशी गाडी सोडायची आणि पायऱ्या चढायच्या.

वर पोचल्यावर चैत्यगृह एकदम दिसत नाही. खोदणाऱ्यांनी पुढचा कातळ पूर्ण काढलेला नाही, त्यामुळे दोन बाजूंच्या खडकांमधून अरुंद वाटेनं आत शिरावं लागतं. आणि मग अचानक समोर सुमारे पंचवीस फूट उंचीचे खांब उभे राहतात. मान वर करून पाहावं तर त्यांच्या माथ्यावर घोडे, हत्ती, बैल आणि त्यांच्यावर सैलावून बसलेली स्त्री-पुरुषांची जोडपी. सकाळचं तिरपं ऊन त्या अरुंद फटीतून येऊन नेमकं तिथे पडतं. जनावरांच्या मानांचा ताण, बायकांच्या पायांतले जाड वाळे, सगळं उठून दिसतं. दुपारी याच शिल्पांवर सपाट सावली असते. शेजारीच एक विहार आहे, मागच्या बाजूला अर्धगोल. विहार असा चापाकार खोदलेला सहसा पाहायला मिळत नाही.

आत चैत्यगृहात गेल्यावर छताकडे पाहायला विसरू नये. कमानदार छत आहे, पण मोकळं. तिथे काहीतरी होतं आणि आता नाही, एवढं जाणवतं. हा प्रश्न मनात घेऊनच खाली उतरायचं.

उत्तर भाज्याला मिळतं. मळवली स्टेशनजवळच्या भाजे गावातून चढून गेलं की मुख्य चैत्यगृहाचं तोंड सताड उघडं दिसतं. इथे एके काळी लाकडाची दर्शनी भिंत होती. ती बसवण्यासाठी कातळात केलेली भोकं अजून आहेत. आणि छताला आहेत लाकडाच्या वक्र फासळ्या, दोन हजार वर्षांहून जुन्या. दगडात कोरलेल्या छताला लाकडाच्या आधाराची काहीच गरज नव्हती. डोंगरच छत होता. तरी त्या माणसांनी सागाच्या फासळ्या घडवून वर चढवल्या, कारण त्यांच्या मनातलं प्रार्थनेचं घर लाकडाचं होतं. खांबांकडे नीट पाहावं. ते सरळ उभे नाहीत, आत झुकलेले आहेत. लाकडी घरात छपराचा रेटा पेलायला खांब असे कललेले ठेवतात. इथे रेटाच नाही, तरी दगडी खांब कललेले. बेडशाचेही खांब कललेले आहेत, पण थोडे. कार्ल्याचे सरळ झालेले आहेत. म्हणजे एका दिवसात, तीन डोंगरांवर, कारागिराचा हात लाकडाच्या सवयीतून कसा सुटत गेला ते आपल्याला खांबांच्या कलावरून वाचता येतं. या आराखड्यातला हा मला सगळ्यांत प्रिय भाग आहे. कुठल्याही पुस्तकातल्या आकृतीनं हे इतकं कळत नाही. त्यासाठी मान मोडून वर पाहावं लागतं, आणि तासाभरानं दुसऱ्या डोंगरावर पुन्हा पाहावं लागतं.

भाज्यालाच चौदा स्तूपांचा एक समूह आहे आणि दक्षिणेकडच्या विहारात रथातून जाणाऱ्या देवाचं आणि हत्तीवर स्वार झालेल्या देवाचं ते प्रसिद्ध शिल्प. त्यांना सूर्य आणि इंद्र म्हणण्याची प्रथा आहे. त्यांच्यापाशी रेंगाळावं, पण कार्ल्याचं ऊन चुकवू नये.

कार्ल्याला दुपार कलल्यावर जावं. वेहेरगावातून वर चढताना नारळ-खणांची दुकानं, कोळी-आगरी भाविकांची गर्दी, ढोल. एकवीरा आईचं देऊळ चैत्यगृहाच्या अगदी तोंडाशी आहे. गर्दीनं वैतागून जाणारे लोक मी पाहिले आहेत. मला ती गर्दी हवीशी वाटते. भारतातलं हे सर्वांत मोठं कोरीव चैत्यगृह, जवळजवळ सव्वाशे फूट लांब आणि पंचेचाळीस फूट उंच. त्याच्या दारात आजही माणसं देवाला भेटायला येतात, हे त्या जागेच्या स्वभावाला धरूनच आहे. आत सदतीस खांब. दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा, माथ्यावर जोडप्यांसह हत्ती. स्तूपामागचे सात मात्र साधे. पश्चिमेचं ऊन दर्शनी कमानीतून आत येतं आणि स्तूपापर्यंत पोचतं. छताला लाकडी फासळ्या आहेत, आणि स्तूपावर लाकडाचीच छत्री, अजून जागेवर. भाज्यात जे लाकूड दिसलं ते इथे पुन्हा भेटतं, पण इथल्या दगडी खांबांना आता त्याची सवय उरलेली नाही.

कार्ल्यातून निघण्याआधी शिलालेख पाहावेत. वाचता आले नाहीत तरी कुठून कोण आलं एवढं माहीत असावं. हे शैलगृह वैजयंतीच्या, म्हणजे आजच्या कर्नाटकातल्या बनवासीच्या, भूतपाल नावाच्या श्रेष्ठीनं पुरं केलं, आणि ते जंबुद्वीपात उत्तम आहे असा अभिमान त्यानं लेखात नोंदवला. खांबांवर धेनुकाकटच्या यवनांची दानं कोरलेली आहेत. सकाळी बेडशाला पाहिलेल्या ओसरीतल्या एका खोलीचा दाता नाशिकच्या आनंद श्रेष्ठीचा मुलगा होता. ही माणसं वाटसरू होती, मालाचे तांडे घेऊन घाट चढणारी. दामोदर धर्मानंद कोसंबी पुण्याच्या भोवतालच्या टेकड्या पायांनी तुडवत हिंडले आणि लेण्यांचा संबंध व्यापारी वाटांशी, घाटांच्या तोंडांशी आहे हे त्यांनी ठासून मांडलं. 1962 साली आलेल्या त्यांच्या ‘मिथ अँड रिॲलिटी’मध्ये हे वाचायला मिळतं. कामासाठी दुसऱ्या राज्यातून येऊन हिंजवडीत राहणाऱ्या माणसाला बनवासीचा भूतपाल परका वाटू नये.

रविवार त्या वाटेचाच. तळेगाव, चाकण, राजगुरुनगर, नारायणगाव करत जुन्नर. आधी थेट नाणेघाट गाठावा. कोकणातून, कल्याणकडून चढणारी वाट इथे देशावर येते. घाटमाथ्यावर जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण आहे, आणि थोडं खाली गुहेत सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख. यज्ञ आणि त्यांत दिलेल्या गाई, घोडे, कार्षापण यांची लांबलचक यादी. राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती इथे कोरल्या होत्या. आता पावलं तेवढी उरली आहेत, आणि वर नावं. पावसाळ्यात इथे धबधबे बघायला झुंबड असते. लेख वाचायचा असेल तर मार्गशीर्षात जावं.

परतताना तुळजालेणी. तिथलं चैत्यगृह वर्तुळाकार आहे, मधल्या स्तूपाभोवती बारा खांब गोल उभे. मावळातली लांबट चैत्यगृहं पाहिलेल्या डोळ्याला हा गोल आकार धक्का देतो, म्हणूनच ते दुसऱ्या दिवशी हवं. मग लेण्याद्री. अष्टविनायकांतला गिरिजात्मज इथे एका बौद्ध विहारात आहे, आणि शेजारच्या चैत्यगृहाचा दाता कल्याणचा सुलसदत्त. सकाळी जो घाट पाहिला त्याच्या खालच्या टोकाचा माणूस संध्याकाळी इथे भेटतो. शिवनेरी समोरच दिसत असते. त्याच्यासाठी वेगळा दिवस काढावा, घाईत चढून शिवजन्मस्थान ‘करून’ येऊ नये.

सोमवारी अहिल्यानगरवरून पैठण. घाटावरून चढलेला माल जिथे जायचा, ती सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान. पाहण्यासारखी लेणी इथे नाहीत. गोदावरीचा घाट, एकनाथांची समाधी, मागावर चाललेली पैठणी. दोन दिवस दगड पाहिल्यावर हा दिवस मुद्दाम हलका ठेवला आहे.

मंगळवारी अजिंठा. फर्दापूरला गाडी ठेवून बसनं लेण्यांपर्यंत. दारातच पहिलं लेणं आणि त्यातला पद्मपाणी, त्यामुळे सगळी रांग तिथे. आपण पुढे चालत राहावं आणि थेट दहाव्या लेण्यात शिरावं. 28 एप्रिल 1819 रोजी जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी या लेण्यात आला आणि खांबावर नाव कोरून गेला, ही गोष्ट सगळे गाईड सांगतात. छताची गोष्ट क्वचितच कोणी सांगतं. मधल्या दालनाच्या छताला लाकडी फासळ्या होत्या, त्या गेल्या. बाजूच्या वाटांच्या छतावर मात्र फासळ्या आहेत, आणि त्या दगडात कोरलेल्या आहेत. एकाच खोलीत लाकूडही होतं आणि लाकडाची दगडातली नक्कलही. शनिवारी भाजे पाहिलेला माणूस इथे थबकतो. ज्यानं पाहिलं नाही तो पुढे जातो, आणि त्याला काही चुकलं असं वाटतही नाही.

मग एकोणीस आणि सव्वीस, पाचव्या शतकातली वाकाटकांच्या काळातली चैत्यगृहं. फासळ्या आता सगळ्या दगडाच्या. स्तूपावर बुद्ध स्वतः प्रकट झाला आहे, एकोणिसात उभा, सव्विसात पाय सोडून बसलेला. सव्विसाच्या डाव्या भिंतीशी महापरिनिर्वाणाची सुमारे सात मीटर लांब मूर्ती, खाली शोक करणारे शिष्य. चित्रं शेवटी पाहावीत, पहिल्या लेण्यात परत येऊन, गर्दी ओसरल्यावर. त्या मंद उजेडाला डोळे सरावायला वेळ लागतो, तो द्यावा.

बुधवारी वेरूळ, आणि तिथेही आधी सोळावं लेणं, म्हणजे कैलास, नाही, दहावं. लोक त्याला सुताराचं झोपडं म्हणतात आणि आतल्या बुद्धाला विश्वकर्मा मानत आले. चैत्यगृहांच्या लांबलचक परंपरेतलं हे शेवटच्या टोकाचं. दर्शनी भागातली ती प्रचंड पिंपळपानी कमान आटून छोटी खिडकी झाली आहे. पण वर पाहा, दगडी फासळ्या एकाशेजारी एक, काटेकोर, जणू कालच रंध्यानं साफ केल्यात. भाज्यापासून आठेकशे वर्षं उलटलेली. भाजे घडवणाऱ्यांपैकी कोणीही तेव्हा उरलेलं नव्हतं, तरी हाताला आकार पाठ होता. वरच्या सज्जात चढून त्या फासळ्या जवळून पाहाव्यात. उशिरा दुपारी पश्चिमेचं ऊन आत उतरतं, तोपर्यंत थांबता आलं तर थांबावं.

त्यानंतर कैलास. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातलं, वरून खाली खोदत आणलेलं. इथे कारागिरानं डोंगराच्या पोटातलं दालन सोडून अखंड देऊळ मोकळं काढलं. पाच दिवस आत शिरत आलेल्या माणसाला इथे पहिल्यांदाच बाहेरून, चारही बाजूंनी फिरता येतं. पहिल्या दिवशी पाहिलं असतं तर कैलास फक्त थोर वाटलं असतं. आता ते धाडसी वाटतं.

या आराखड्यात रायगड नाही, पंढरपूर नाही, कोल्हापूर नाही, अशी तक्रार होईल, आणि ती रास्त आहे. देवांचा, जत्रांचा महाराष्ट्र यात आलेला नाही. त्याचा बेत पंचांग हातात घेऊन करावा लागतो, आणि तो चैत्रात बसतो. चैत्र पौर्णिमेला वाडी रत्नागिरीवर जोतिबाच्या सासनकाठ्या नाचतात. त्याच दिवशी हिंजवडी-वाकडला म्हातोबाचं बगाड निघतं, गळकरी चढतो, गुलालानं रस्ता माखतो. दोन्ही एका दिवशी गाठता येत नाहीत, म्हणून पहिल्या वर्षी बगाड पाहावं आणि जोतिबा दुसऱ्या वर्षासाठी ठेवावा. हिंजवडीत राहणाऱ्याला त्या पहिल्या दिवसासाठी गाडीही काढावी लागत नाही.