५० तासांनंतर काय?

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकाकडून वर्षाला किमान ५० तासांच्या प्रशिक्षणाची अपेक्षा केली आहे. अपेक्षा रास्त आहे; पण तास भरले म्हणजे शिक्षक घडला, असे आम्हांला वाटत नाही.

आष्टी तालुक्यातील कड्याचा परिसर घ्या. येथील अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. सोबत गेलेल्या मुलाचे अपूर्णांक मध्येच सुटतात. परतल्यावर त्याला कुठून शिकवावे? ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, एकटा मजूर म्हणजे अर्धा कोयता. तीन जोड्या आणि एक एकटा मजूर मिळून साडेतीन कोयते, हे त्याला पाठच असते. तिथून सुरुवात करता येते. पण अर्ध्यावरून २/३ कडे कसे न्यायचे, ही अडचण शिक्षकाला वर्गात येते, प्रशिक्षणाच्या सभागृहात नव्हे.

मध्य प्रदेशात १९७२ साली १६ शाळांत सुरू झालेल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमाने हे ओळखले होते. प्रशिक्षणानंतर मार्गदर्शक शाळेत येऊन वर्ग पाहत. शिक्षक दरमहा एकत्र बसून आपल्या अडचणी मांडत. २००२ मध्ये शासनाने तो कार्यक्रम बंद केला. रीत मात्र आजही उचलण्याजोगी आहे.

आपल्याकडेही केंद्रावर शिक्षण परिषद भरते. तिथे परिपत्रके वाचण्याआधी एका शिक्षकाने आपला न जमलेला पाठ मांडावा आणि ५० पैकी काही तास अनुभवी शिक्षकाने त्याच्या वर्गात बसावे. एवढे झाले तरी पुष्कळ साधेल.