थीटा-प्लस कणाचा पुरावा : एक चिकित्सा

प्रबल आंतरक्रियेत एकूण स्ट्रेंजनेस बदलत नाही. आरंभी तो शून्य असून प्रक्रियेतून ऋण केऑन बाहेर पडला, तर उरलेल्या कणांकडे धन स्ट्रेंजनेस असलाच पाहिजे. तीन क्वार्कांच्या बॅरिऑनला धन स्ट्रेंजनेस संभवत नाही. म्हणून धन केऑन व न्यूट्रॉन यांत विघटित होणारा एखादा कण असेल, तर त्यात निदान पाच क्वार्क मानावे लागतात. सुमारे १५३० मेगा-इलेक्ट्रॉन-व्होल्ट वस्तुमानाच्या अशा कणाचे भाकीत डियाकोनोव्ह, पेट्रोव्ह व पोल्याकोव्ह यांनी १९९७ साली केले होते.

जपानमधील लेप्स प्रयोगाने २००३ साली त्याची चाहूल दिली. त्याच वर्षी अमेरिकेतील जेफरसन प्रयोगशाळेच्या क्लास गटाने पुष्टी प्रसिद्ध केली. तेथे इलेक्ट्रॉनांचा झोत धातूच्या पातळ पत्र्यावर सोडून फोटॉन मिळवीत व उरलेल्या इलेक्ट्रॉनाच्या ऊर्जेवरून फोटॉनाची ऊर्जा ठरवीत. हे फोटॉन ड्यूटेरियमवर आदळल्यावर प्रोटॉन व दोन्ही केऑन शोधकात नोंदले गेले; न्यूट्रॉन मात्र ऊर्जा व संवेग यांच्या अक्षय्यतेवरून ओळखण्यात आला. १५४२ मेगा-इलेक्ट्रॉन-व्होल्टपाशी सुमारे ४३ घटनांचे शिखर दिसले व त्याची सार्थता ५.२ प्रमाण विचलने सांगण्यात आली.

या आकड्याचे वजन पार्श्वभूमीच्या अंदाजावर अवलंबून होते, ही गोष्ट त्या वेळी पुरेशी लक्षात घेतली गेली नाही. शिखराखालील पार्श्वभूमीचा आकार त्याच तुटपुंज्या घटनांवरून कल्पिलेला होता. हँबुर्ग येथील हर्मिस प्रयोगात पॉझिट्रॉनांच्या प्रकीर्णनातून २००४ साली मिळालेल्या शिखराविषयी तर आणखी एक आक्षेप संभवतो. तेथे प्रोटॉनाबरोबर अल्पायुषी उदासीन केऑन मोजलेला होता. त्याच्यावरून स्ट्रेंजनेस धन की ऋण, हे ठरतच नाही. म्हणजे पाच क्वार्कांच्या अनुमानाचा मूळ आधारच त्या मापनात नव्हता.

क्लास गटाने सुमारे तीसपट घटनासामग्री देणारा स्वतंत्र प्रयोग करून २००६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. शिखर दिसले नाही. निर्मितीच्या काटछेदाची वरची मर्यादा सुमारे ०.३ नॅनोबार्न ठरली. नव्या सामग्रीवरून मिळालेला पार्श्वभूमीचा आकार जुन्या आलेखाला लावताच पूर्वीची सार्थता सुमारे तीन विचलनांवर उतरली.

या निष्कर्षाची व्याप्तीही नेमकी समजून घेतली पाहिजे. कण कोठेच नाही, असे यातून सिद्ध होत नाही. या प्रक्रियेत, या ऊर्जेला, या मर्यादेपलीकडे तो निर्माण होत नाही, एवढेच सिद्ध होते. तथापि दाव्याचा आधार होता तो याच प्रक्रियेचा, आणि तो राहिला नाही. स्वतःच प्रसिद्ध केलेला दावा त्याच गटाने अधिक कठोर कसोटीला लावून मागे घेतला, हे या प्रकरणातील सर्वांत मोलाचे कार्य होय. सार्थतेचा आकडा वाचण्यापूर्वी पार्श्वभूमी कोठून आली हे विचारावे, हाच त्याचा अभ्यासकाला धडा.